प्रमाणपत्राआधीची सोळा वर्षे

गेल्या महिन्यात आमच्या शाळेच्या बास्केटबॉल मैदानावरच्या पत्र्याच्या छपराखाली नऊ जणांना वर्गसाहाय्यकाचे प्रमाणपत्र देण्यात आले. त्यांत सात स्त्रिया आणि दोन पुरुष होते, आणि नऊच्या नऊ जण वाळपिरी, म्हणजे मध्य ऑस्ट्रेलियातल्या एका मूळ रहिवासी समाजाचे, होते. अभ्यासक्रमाचे अधिकृत नाव लांबलचक आहे. इथे सगळे त्याला नुसते ‘सर्टिफिकेट थ्री’ म्हणतात. शाळेत शिक्षकाच्या जोडीने मुलांना वाचायला, लिहायला आणि हिशेब करायला मदत करणाऱ्या माणसासाठीची ही ऑस्ट्रेलियातील मान्यताप्राप्त पात्रता आहे. मी आजवर बरेच गुणगौरव समारंभ पाहिले आहेत, परंतु ज्यांच्या हाती प्रमाणपत्र दिले जात होते त्यांनीच मला माझे काम शिकवलेले होते, असा समारंभ माझ्या वाट्याला प्रथमच आला, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

ऑस्ट्रेलियाच्या अगदी मध्यावर ॲलिस स्प्रिंग्ज आहे. तिथून वायव्येकडे तनामीच्या वाळवंटात आणि त्याच्या आसपास युएन्डुमु, विलोरा, न्यिरपी आणि लाजामानू अशा चार वाळपिरी वस्त्या आहेत. त्यांपैकी एका वस्तीत मी गेली सहा वर्षे प्राथमिक वर्गांना गणित शिकवते. कोणत्या, ते मुद्दाम सांगत नाही. वस्ती इतकी लहान आहे की तिचे नाव घेतले तर नऊही जणांची नावे घेतल्यासारखे होईल, आणि नावांच्या बाबतीत इथली माणसे आपल्यापेक्षा कितीतरी जपून असतात.

ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांना ॲबोरिजिनल म्हणतात. या शब्दाला मराठीत सरळ ‘आदिवासी’ म्हणावे असा मोह होतो, पण मी तो आवरते, कारण तो शब्द उच्चारला की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर वेगळेच डोंगर आणि वेगळाच इतिहास उभा राहतो. वाळपिरी लोक स्वतःला ‘यापा’ म्हणतात आणि बाहेरून आलेल्या माणसाला ‘काडिया’. शब्दकोशात काडियाचा अर्थ गोरा माणूस असाही सापडेल, आणि माझा सावळा रंग पाहून आपण यातून सुटू अशी माझी पहिल्या आठवड्यातली भाबडी समजूत होती. मी सुटले नाही. मीही काडियाच आहे, फक्त बऱ्यापैकी ‘ळ’ म्हणता येणारी.

या ‘ळ’विषयी थोडे सांगितलेच पाहिजे. वाळपिरी भाषा रोमन अक्षरांत लिहितात, आणि त्या लिपीत ळ, ण, ड या मूर्धन्य ध्वनींसाठी स्वतंत्र अक्षरे नसल्यामुळे दोन-दोन अक्षरे जोडून काम भागवावे लागते. इंग्रजीभाषक शिक्षक ती अक्षरे सुटी-सुटी वाचतात, त्यामुळे त्यांच्या तोंडी या लोकांचे नाव ‘वार्लपिरी’ होते. मी ते पहिल्याच दिवशी ‘वाळपिरी’ असे म्हटले तेव्हा वर्गाच्या कोपऱ्यात चटईवर बसलेल्या एका बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. त्या आमच्या वर्गाच्या साहाय्यक शिक्षिका होत्या. काही आठवड्यांनी त्यांनी मला आपली धाकटी बहीण ठरवून टाकले. यात भावनेपेक्षा व्यवस्था अधिक होती: वाळपिरी समाजातला प्रत्येक माणूस आठ गटांपैकी कोणत्या तरी एका गटाचा असतो, गटाचे नाव पुरुषासाठी ‘ज’ने आणि स्त्रीसाठी ‘न’ने सुरू होते, आणि ज्याचा गट ठरलेला नाही त्याच्याशी कसे वागावे हे कोणालाच कळत नाही. त्या नापालजार्री, म्हणून त्यांची बहीण मीही नापालजार्री. हे व्यक्तिनाम नव्हे. वस्तीत नापालजार्री म्हणून हाक मारली तर कितीतरी बायका वळून पाहतील. त्यामुळे या लेखात मी त्यांना याच नावाने संबोधणार आहे.

माझ्या शिकवण्याचा पाया नापालजार्रींनी कसा हलवला, त्याचा एक प्रसंग अजून माझ्या वहीत नोंदवलेला आहे. पहिल्या सत्रात मी सात-आठ वर्षांच्या मुलांना डावे-उजवे शिकवत होते. प्रत्येकाला एका घराचे चित्र छापलेला कागद दिला आणि घराच्या उजवीकडे झाड काढायला सांगितले. मुलांना शब्द समजला नसेल तर हाताची खूण तरी समजावी म्हणून मी स्वतःचा उजवा हात लांब करून दाखवला. चार मुले एका टेबलाच्या चार बाजूंना बसली होती. कागद गोळा केले तेव्हा एकाचे झाड घराच्या उजवीकडे होते, दुसऱ्याचे डावीकडे, तिसऱ्याचे छपराच्या वर आणि चौथ्याचे उंबरठ्याखाली. चारांतले एक बरोबर, तीन चूक, अशी नोंद करून मी पुढच्या टेबलाकडे वळणार तोच नापालजार्रींनी ते कागद माझ्या हातातून घेतले, ज्या मुलाचा कागद जसा होता तसाच पुन्हा त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, “आता बघ.”

चारही झाडे खिडकीच्या बाजूला होती. खिडकी पूर्वेला होती. मी उत्तरेकडे तोंड करून उभी होते, त्यामुळे माझा लांब केलेला हात पूर्वेकडे गेला होता, आणि मुलांनी तो जसा दिसला तसा, अत्यंत काटेकोरपणे, कागदावर उतरवला होता. वाळपिरीत डाव्या हाताला शब्द आहे, परंतु वस्तू कुठे आहे हे सांगताना माणूस शरीराच्या बाजू सांगत नाही, दिशा सांगतो: पूर्वेला काकार्रारा, पश्चिमेला काळार्रा, उत्तरेला यातिजार्रा, दक्षिणेला कुळिर्रा. सात वर्षांच्या मुलाला बंद खोलीतही या चार दिशा ठाऊक असतात. मला मात्र त्या खोलीतली पूर्व त्या दिवशीच कळली. ज्या तीन मुलांच्या कागदावर मी फुली मारणार होते त्यांना भूमितीची माझ्यापेक्षा चांगली जाण होती, आणि ते ओळखणारे एकच माणूस वर्गात होते. त्या माणसाला शाळेच्या कागदोपत्री ‘मदतनीस’ म्हटलेले होते.

दुसऱ्या दिवशीचा तास त्यांनी घेतला. मुलांना बाहेर वाळूत नेले, काठीने चार दिशा आखल्या, आधी वाळपिरीत वस्तू मांडून घेतल्या आणि मग त्याच वर्तुळात एका मुलाला उभे करून गोल फिरवत ‘आता तुझा उजवा हात कुठल्या दिशेला?’ असे विचारत राहिल्या. उजवीकडे ही कल्पना माणसाबरोबर फिरते आणि पूर्व फिरत नाही, हे मुलांना अर्ध्या तासात समजले. माझ्या पाठनियोजनात या पाठाला तीन तास धरलेले होते.

असे प्रसंग नंतर इतके घडले की मी त्यांची मोजदाद सोडून दिली. मुलांच्या जोड्या मी पाडायचे आणि नापालजार्री त्या न बोलता बदलायच्या. बारा वर्षांचा एक मुलगा आठ वर्षांच्या एका मुलीसोबत काही केल्या बसेना, तेव्हा मी त्याला हट्टी ठरवले होते. तो जापानांका गटाचा होता आणि ती नापालजार्री गटाची, म्हणजे नात्याने ती त्याची सासू लागत होती. जावयाने सासूच्या समोर येऊ नये, तिच्याशी थेट बोलू नये, हा इथला शिष्टाचार आहे, आणि तो आठ वर्षांच्या सासूलाही लागू होतो. त्या मुलाने माझा अवमान केला नव्हता, त्याने सासूचा मान राखला होता. (माझ्याही वाट्याला या हिशेबाने पाच-सहा जावई आलेले आहेत. काडिया म्हणून मला सवलत मिळते, पण मी आता त्यांची वही तपासताना थेट डोळ्यांत पाहत नाही.)

कानांचे आणखी वेगळे. दूरच्या वस्त्यांमधल्या मुलांमध्ये मधल्या कानाच्या संसर्गाचे प्रमाण फार मोठे आहे. कान वाहतो, बरा होतो, पुन्हा वाहतो, आणि त्या काळात मुलाला ऐकू कमी येते. नवा शिक्षक याला दुर्लक्ष समजतो. नापालजार्री वर्गात शिरताच मुलांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवतात आणि आज कोणाला ऐकू येत नाही हे ओळखतात, आणि मग त्या मुलाशी हातांनी बोलतात. वाळपिरी समाजात हातांच्या खुणांची एक परिपूर्ण भाषा आहे, तिला ‘डाका-डाका’ म्हणतात, डाका म्हणजे हात. पती वारल्यानंतर विधवा दीर्घकाळ मौन पाळतात आणि त्या काळात सगळा व्यवहार या खुणांनी चालतो, त्यामुळे वयस्क स्त्रियांना ती अवगत असते. गणिताच्या तासाला माझा आवाज ज्या मुलापर्यंत पोहोचत नाही त्या मुलापर्यंत मागच्या भिंतीशी बसलेल्या बाईंचा हात पोहोचतो. कोणत्याही महाविद्यालयात हे कौशल्य शिकवले जात असल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

या कामाचा इतिहास पुरेसा जुना आहे, मात्र तो सांगताना बहुतेक वेळा शिक्षकांची आणि धोरणांची नावे येतात, साहाय्यकांची येत नाहीत. न्यू साउथ वेल्स राज्यात तर १९७२ पर्यंत ॲबोरिजिनल मुलांना सरकारी शाळेतून वगळण्याची मुभा मुख्याध्यापकाला होती. तिथे वर्गात मूलच नको होते, तर साहाय्यक कुठून असणार? इकडे नॉर्दर्न टेरिटरीत, म्हणजे आमच्या वस्त्या ज्या प्रांतात येतात तिथे, साहाय्यकांच्या प्रशिक्षणाची सुरुवात १९६०च्या दशकाच्या मध्यास दारविनजवळच्या कॉर्मिल्डा कॉलेजच्या एका छोट्या शाखेत झाली. १९७४ मध्ये ती शाखा दारविनच्या दक्षिणेला सुमारे १०० किलोमीटरवर असलेल्या बॅचलर या गावी हलली. रम जंगलच्या युरेनियम खाणीतल्या कामगारांसाठी ते गाव वसवलेले होते आणि खाण नुकतीच बंद पडली होती. तीच आजची बॅचलर इन्स्टिट्यूट. म्हणजे आज जिला मूळ रहिवाशांची उच्च शिक्षणसंस्था म्हणून सारा देश ओळखतो, ती वर्गसाहाय्यकांच्या प्रशिक्षणातून उगवलेली आहे. मला या गोष्टीचे फार अप्रूप वाटते.

त्याच सुमारास, डिसेंबर १९७२ मध्ये, पंतप्रधान व्हिटलम यांच्या सरकारने ॲबोरिजिनल मुलांना त्यांच्या मातृभाषेतूनही शिकवण्याचे धोरण जाहीर केले आणि १९७४ मध्ये युएन्डुमुच्या शाळेत वाळपिरी–इंग्रजी द्विभाषिक वर्ग सुरू झाले. द्विभाषिक वर्ग याचा प्रत्यक्षातला अर्थ असा की वाळपिरी न जाणणारा एक शिक्षक आणि वाळपिरी जाणणारी एक साहाय्यक अशा दोघांनी मिळून वर्ग चालवायचा. पदवी पहिल्याकडे, भाषा दुसरीकडे. पुढे २००८ मध्ये टेरिटरीच्या सरकारने शाळेचे रोजचे पहिले चार तास इंग्रजीतूनच शिकवावेत असा आदेश काढला, तेव्हा अनेक वस्त्यांमधल्या साहाय्यकांचे दिवसाचे मुख्य काम दुपारपर्यंत लांबणीवर पडले. आमच्या इथल्या वयस्क स्त्रिया ‘चार तास’ एवढेच शब्द उच्चारून आजही एकमेकींकडे पाहतात, आणि कोणाला पुढे काही सांगावे लागत नाही. वसाहतकाळाच्या सुरुवातीला या खंडावर अडीचशेहून अधिक भाषा होत्या. मुले आज ज्या पहिली भाषा म्हणून शिकतात अशा पारंपरिक भाषा, २०२०च्या राष्ट्रीय पाहणीनुसार, बारा उरल्या आहेत. वाळपिरी त्या बारांपैकी एक आहे. ती टिकली याचे श्रेय घरांना तर आहेच, पण पन्नास वर्षे वर्गाच्या मागच्या भिंतीशी बसलेल्या या बायकांनाही ते जाते. २००५ मध्ये त्यांच्यातल्याच शिक्षिकांनी आग्रह धरला, आणि वाळपिरी भूमीवरच्या सोन्याच्या खाणीतून येणाऱ्या रॉयल्टीचा एक भाग शिक्षणासाठी बाजूला ठेवणारा वाळपिरी एज्युकेशन अँड ट्रेनिंग ट्रस्ट उभा राहिला. हातात आलेला खाणीचा पैसा वाटून न घेता शाळेसाठी ठेवा, हे पटवणे किती अवघड असते, याची कल्पना ज्याने कोणत्याही समाजाच्या बैठका पाहिल्या आहेत त्याला सहज येईल.

आता प्रशिक्षणाविषयी. या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने प्रत्यक्ष शाळेत किमान १०० तास काम केलेले असावे अशी अट आहे. नापालजार्रींनी सोळा वर्षे काम केलेले होते. शंभर तासांच्या पुराव्याचा अर्ज भरताना मी आणि त्या ‘सुरुवातीची तारीख’ या रकान्यापाशी थांबलो आणि दोघींनाही हसू आवरेना. अनुभवाला मान्यता देण्याची तरतूद नियमांत आहे, पण ती मिळवण्यासाठी प्रत्येक कौशल्याचा लेखी, ध्वनिमुद्रित किंवा चित्रित पुरावा द्यावा लागतो, आणि मुलाचा रडवेला चेहरा पाहून त्याला न बोलता पाणी प्यायला नेणे या कौशल्याचा पुरावा कसा द्यायचा, हे अर्जात लिहिलेले नसते. बालसंरक्षण, वर्गातील सुरक्षितता, वाचनाला आणि अंकज्ञानाला साहाय्य, असे घटक अभ्यासायचे असतात. त्यांत ॲबोरिजिनल मुलांची सांस्कृतिक सुरक्षितता जपण्याविषयीचाही एक घटक निवडलेला होता. तो शिकवायला शहरातून आलेली तरुण प्रशिक्षक मोठी समंजस होती. तिने पहिल्या दहा मिनिटांत संगणक मिटला आणि उरलेला दिवस ती ऐकत बसली.

सगळे इतके सुरळीत झाले नाही. प्रशिक्षण देणाऱ्या एका संस्थेकडून चौघींच्या पूर्ण झालेल्या वह्या गहाळ झाल्या आणि त्यांना तीन घटक पहिल्यापासून लिहावे लागले. दिलगिरीचे पत्र आले ते ईमेलने, आणि चौघींपैकी तिघींना ईमेल नव्हता. ओळखपत्रांचा प्रश्न वेगळाच. मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाला टेरिटरीत ‘ओकर कार्ड’ नावाचा परवाना काढावा लागतो, त्यासाठी जन्मतारखेचा दाखला लागतो, आणि आमच्या तुकडीतल्या सर्वांत वयस्क बाईंची जन्मतारीख सरकारदरबारी १ जुलै अशी आहे, कारण त्यांच्या पिढीत ज्यांची तारीख कोणी लिहून ठेवली नव्हती अशा पुष्कळांना सरकारने तीच देऊन टाकली. आपल्याकडच्या शाळेच्या दाखल्यांवरचा १ जून ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याहून अधिक सांगायला नको.

आणि मृत्यू. वस्तीत कोणी गेले की जवळचे नातेवाईक शोकाच्या तळावर जातात आणि सगळे व्यवहार थांबतात. नाती इतकी विणलेली असतात की एका मृत्यूने अर्धा वर्ग रिकामा होतो. मृताचे नाव उच्चारत नाहीत, त्याच्याऐवजी ‘कुमांजायी’ म्हणतात, आणि त्या नावाशी मिळतेजुळते शब्दही टाळतात. अशा वेळी शाळेत सर्वांत आधी येतात त्या या साहाय्यक. भिंतीवरचे फोटो झाकणे, हजेरीपटावरची आणि कप्प्यांवरची नावांची पट्टी काढणे, शब्दतक्त्यातला एखादा शब्द उतरवणे, हे सगळे मुले यायच्या आत आणि कोणाला न सांगता झालेले असते. माझ्या दुसऱ्या वर्षी मी अशाच एका सकाळी हजेरी घेताना एक नाव मोठ्याने घेतले असते; नापालजार्रींनी त्या ओळीवर बोट ठेवून पान झाकले. या दीड वर्षाच्या अभ्यासक्रमात तुकडीवर अशी वेळ अनेकदा आली. शहरातल्या कार्यालयातून त्या त्या वेळी ‘अनुपस्थिती’ची पत्रे आली. नऊ जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला असे आपण म्हणतो, तेव्हा मधल्या काळात त्यांनी काय काय पूर्ण केले, हे त्या वाक्यात मावत नाही.

प्रशिक्षणाचा शेवटचा टप्पा ॲलिस स्प्रिंग्जला होता, म्हणून नऊही जण एकदम दोन आठवडे शाळेबाहेर होते. ते दोन आठवडे मी वर्गात एकटी होते, आणि त्यांविषयी मी प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. पहिल्या दिवशी वीस मुले आली. शुक्रवारी नऊ आली. जी आली त्यांतली एक मुलगी, जी एरवी वाळपिरीत अखंड बडबडते, ती पाचही दिवस एक अक्षर बोलली नाही. मी तिला प्रश्न विचारायचे आणि ती चटईकडे पाहायची. मला वाळपिरीत तीनपर्यंत मोजता येते: जिंता, जिर्रामा, माण्कुर्पा, आणि त्यापुढे पानू, म्हणजे पुष्कळ. तेवढ्या भांडवलावर अपूर्णांक शिकवता येत नाहीत. दुसऱ्या आठवड्यात मी फळ्यावर वर्तुळे काढून त्यांचे तुकडे पाडत असताना एका मुलाने अत्यंत सभ्यपणे, इंग्रजीत, नापालजार्री कधी येणार असे विचारले, आणि उरलेल्या सगळ्यांनी माझ्या उत्तरासाठी माना वर केल्या. त्या तासातले सर्वांत जास्त लक्ष मला तेव्हाच मिळाले.

म्हणूनच पगाराचा आणि पदनामाचा विषय निघाला की माझा तोल जातो. पूर्वी टेरिटरीतल्या अनेक साहाय्यकांना शाळेच्या आस्थापनेवर घेतलेच जात नव्हते, समाजविकासाच्या रोजगार योजनेतून त्यांना मानधन मिळे; ती परिस्थिती सुधारली, पण तासांवर आणि वर्षावर्षाच्या करारांवर काम करणे अजून संपलेले नाही. शिक्षक दर दोन वर्षांनी बदलतात, साहाय्यक तिथेच राहते आणि प्रत्येक नव्या शिक्षकाला पुन्हा पहिल्यापासून घडवते. हे घडवण्याचे काम तिच्या नेमणूकपत्रात नसते. २०१२ साली देशातल्या शाळांमधले ४.९ टक्के विद्यार्थी मूळ रहिवासी समाजांतले होते आणि शिक्षक फक्त १.२ टक्के. ही दरी बुजवायची तर वर्गसाहाय्यक ते शिक्षक ही वाट रुंद करावी लागेल, असे सगळेच म्हणतात. परंतु ज्या बाईंना पदवीसाठी चार वर्षे नातवंडे, शोकाचे तळ आणि देश सोडून शहरात राहावे लागेल (इथे देश म्हणजे आपल्या पूर्वजांची जमीन), त्यांनी ही वाट का धरावी, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही. पूर्वी टेरिटरीत साहाय्यकांना आपल्याच वस्तीत राहून शिक्षकपदापर्यंत शिकता यावे अशी सोय होती, आणि आज ज्येष्ठ असलेल्या अनेक शिक्षिका तिच्यातूनच घडल्या. ती पुन्हा पूर्ण ताकदीने उभी करावी, एवढेच माझे मत आहे.

समारंभाकडे येते. सकाळी दहाची वेळ होती, सुरू झाला साडेअकराला, कारण एका पुरुष विद्यार्थ्याच्या मोटारीचे चाक वाटेत पंक्चर झाले होते आणि त्याच्याशिवाय सुरू करणे कोणाच्या मनातही आले नाही. ज्येष्ठ स्त्रियांनी वाळपिरीत स्वागत केले. मैदानाच्या मध्यभागी वस्तीतली तीन कुत्री झोपली होती. त्यांना उठवले गेले नाही, खुर्च्या त्यांच्याभोवती मांडल्या गेल्या. शहरातून आलेल्या पाहुण्यांनी नावे पुकारायला सुरुवात केली आणि लगेच अडचण उभी राहिली: एकेकट्याने उठून सगळ्यांच्या नजरेसमोर चालत जाणे इथे कोणालाच आवडत नाही. त्या संकोचाला इथल्या इंग्रजीत ‘शेम’ म्हणतात, आणि आपण ज्याला लाज म्हणतो त्याहून तो भाव निराळा आहे; घोळक्यातून एकट्याने वेगळे दिसण्याचा तो अवघडलेपणा आहे. पहिले नाव पुकारले गेले, कोणी उठले नाही. दुसऱ्यांदा पुकारले गेले. मग नापालजार्री उठल्या, पहिल्या बाईंचा हात धरला, त्यांनी शेजारणीचा धरला, आणि नऊही जण साखळीने एकदम पुढे आले. पाहुण्यांच्या हातातला क्रम विस्कटला, प्रमाणपत्रे दोनदा चुकीच्या हातांत गेली आणि मागे बसलेली मुले इतक्या मोठ्याने ओरडली की कुत्रीसुद्धा उठली.

भाषणे दोनच झाली. दुसरे तुकडीच्या वतीने सर्वांत वयस्क बाईंनी केले, वाळपिरीत, आणि त्याचे भाषांतर कोणी केले नाही. मला त्यातले निम्मे समजले. त्या म्हणत होत्या की आपण लहान असताना या शाळेत आपल्या भाषेत बोललो तर गप्प बसवले जाई, मग आपण मोठ्या झालो आणि त्याच शाळेने बोलावले की या, मुलांशी तुमच्या भाषेत बोला. याच्या पुढे काही तरी विनोद होता, कारण सगळ्या यापा स्त्रिया पोट धरून हसल्या आणि आम्ही काडिया एकमेकांकडे पाहत राहिलो. मी नंतर विचारले तर नापालजार्रींनी सांगायला साफ नकार दिला.

जेवणानंतर त्या प्रमाणपत्र घेऊन वर्गात आल्या. मी ते भिंतीवर लावायला चौकट आणून ठेवली होती. त्यांची सहा वर्षांची नात धावत आली आणि कागदावरचे नाव बोट ठेवून अक्षर अक्षर वाचू लागली. प्रमाणपत्रावर शासकीय नोंदीतले इंग्रजी नाव आणि आडनाव होते. तिने ते सगळे नीट जुळवून वाचले, अजिबात न अडखळता, आणि मग वर पाहून विचारले की हे कोण. ती त्यांना जन्मापासून ‘जाजा’ म्हणते, म्हणजे आईची आई, आणि बाकीची मुले गटाच्या नावाने हाक मारतात. हे तिसरे नाव तिने कधी ऐकलेच नव्हते. नापालजार्रींनी स्वतःकडे बोट दाखवले. मुलीला ते पटले नाही. तिने कागद पुन्हा वाचला, आजीकडे पाहिले, आणि माझ्याकडे वळून, मी काही तरी खुलासा करीन अशा अपेक्षेने, थांबली. मी काही बोलायच्या आत जाजाने तिला चटईवर बसवले, दुपारच्या वाचनाची पुस्तके काढली आणि मला चौकट कपाटावर ठेवून मुलांना आत घ्यायला सांगितले.